बाबालाल मिस्त्रींचा कर्णा

“आरं गा की! गा! कालधरनं बदामाचं तेल पितूयास, आनि आवाज कुठं घातलास?”

बाबालाल मिस्त्री हे एका मोटारीला विचारत होते. मोटार गंगावेशीत, त्यांच्या कारखान्याच्या दारात उभी होती. भोवती निम्मी पेठ जमली होती, आणि मिस्त्री मागच्या बैठकीवर उभे राहून, कमरेवर हात ठेवून, तिच्यात बसवलेल्या ग्रामोफोनला झापत होते. तबकडी फिरत होती, सुई तबकडीवर होती, पण कर्ण्यातून आवाज यायचा तो असा, की एखाद्या म्हाताऱ्याला गोधडीत गुंडाळून विहिरीत सोडलंय आणि तो आतून भजन म्हणतोय.

“खुराक पचला न्हाय,” गर्दीतला एक पैलवान गंभीरपणे म्हणाला.

“पचंल,” मिस्त्री म्हणाले. “आजून एक वाटी घालतो.”

तेवढ्यात घरातून हमीदाभाभींचा आवाज आला. “अवो, हात तर लावा त्या बरणीला! पोरगी बाळंत झालीया घरात, आनि ह्यो मानूस तिचं तेल मोटारीला पाजतोय!”

ही गोष्ट महाराजांच्या राज्यातली. कोल्हापुरात तेव्हा मोटारी होत्या, पण त्या सगळ्या मोठ्या घरच्या. गंगावेशीसारख्या ठिकाणी एका बग्ग्या-टांगे बनवणाऱ्या मिस्त्रीच्या दारात मोटार उभी असणं म्हणजे शेळीच्या दावणीला हत्ती बांधण्यासारखं होतं. मी त्यांचा शेजारी, शिंपी. माझं दुकान आणि त्यांचा कारखाना यांत एक भिंत होती, आणि मिस्त्रींच्या आवाजानं ती भिंत वर्षातून एकदा लिंपावी लागायची. मी सांगतो त्यातलं निम्मं धरा. मिस्त्री सांगायचे त्यातलं पाव धरायचं, हे सगळ्या पेठेला माहीत होतं. पण जे पाव उरायचं तेही दुसऱ्या माणसाच्या अख्ख्याला भारी होतं.

मोटार आली कुठून? गडहिंग्लजकडच्या एका इनामदारांनी ती हौसेनं घेतली होती. दोन पावसाळ्यांत हौस फिटली. चढाला थांबायची, उताराला थांबायची नाही. शेवटी ते वैतागून मिस्त्रींकडं बग्गी सांगायला आले. मिस्त्रींनी त्यांना देखणी बग्गी करून दिली आणि बदल्यात म्हणाले, “ती म्हातारी माझ्याकडं सोडा.” इनामदार परत घोड्याच्या गाडीकडं वळले, आणि ज्यानं जन्मभर घोड्याच्या गाड्या केल्या तो माणूस मोटारीत बसला. पेठेनं मिस्त्रींना वेड्यात काढलं. मिस्त्रींनी पेठेला एकेक करून रंकाळ्यापर्यंत फिरवून आणलं. येताना ढकलत आणलं, पण जाताना बसवून नेलं.

मग त्यांना मोटारीतली खोड सापडली. मला म्हणाले, “अण्णा, बग्गीत बसलं की टापांचा ताल आसतोय. ही नुसती खोकतीया. मानसानं काय दवाखान्यात बसल्यागत खोकला ऐकत जायचं?”

आणि त्यांनी कुठूनसा एक ग्रामोफोन आणून मागच्या बैठकीसमोर ठोकला.

आता इथं मिस्त्रींच्या कानाबद्दल सांगायला हवं. डावा कान ऐरणीनं खाल्ला होता. जन्मभर त्याच बाजूला घण पडलेला. त्यामुळं मिस्त्री बोलायचे ते स्वतःला ऐकू यावं म्हणून, आणि स्वतःला ऐकू येईपर्यंत ते सगळ्या गंगावेशीला ऐकू गेलेलं असायचं. रस्त्याच्या पलीकडच्या माणसाला ते रंकाळ्याच्या पलीकडच्या माणसासारखी हाक मारायचे. कुणी म्हणालं, मिस्त्री जरा हळू, की ठरलेलं उत्तर यायचं: “हळू कशाला? चोरी केलीया?” ते नमाजाला गेले की तेवढा वेळ पेठ शांत व्हायची. बायका एकमेकींना म्हणायच्या, “गप्प झालं बघ, मिस्त्री गेलं. घाल पोराला पाळण्यात.”

दुसरी सवय म्हणजे आलेल्या माणसाला आधी चहा पाजायचा आणि मग विचारायचं, “पावणं, कोण तुमी?” एकदा एक माणूस असा दोन कप चहा घेऊन, घरची सगळी विचारपूस करून गेला, आणि मग कळलं की तो पत्ता चुकला होता. मिस्त्री हळहळले. “आरं, जेवायला तरी थांबवायचा!”

तर ग्रामोफोन. तो दिवाणखान्यासाठी केलेला. मोटार सुरू झाली की तिच्या धांगडधिंग्यापुढं गाणारणीचा आवाज म्हणजे बाजारात मुंगीनं मारलेली हाक. शिवाय रस्ते आपले. मोटार खड्ड्यात गेली की सुई उडायची आणि मागच्याच ओळीवर बसायची. ती बिचारी गंगावेशीपासून रंकाळ्यापर्यंत सख्याची वाट बघायची एकच ओळ म्हणत जायची. तिचा सखा त्या वर्षभरात काही दारात आला नाही.

दुसऱ्यानं ग्रामोफोन काढून घरात ठेवला असता. मिस्त्री म्हणाले, “हिच्यासाठी रस्ता बदलंल, पर गानं न्हाय बदलायचं.”

सुईचा बंदोबस्त त्यांनी माझ्याकडून करून घेतला. मोटारीच्या टपाच्या कमानीला त्यांनी चामड्याचे चार पट्टे लावले, मी जाड गोधडीची झोळी शिवली, आणि ग्रामोफोन त्या झोळीत पाळण्यासारखा टांगला. मोटार हाले, पाळणा झुले, गाणं जागच्या जागी. फक्त पाठीमागं बसणाऱ्याला अधूनमधून ग्रामोफोनचा कोपरा कानशिलात बसायचा. मिस्त्री म्हणायचे, गाणं असं जवळून ऐकावं.

राहिला आवाज. आणि इथं त्यांनी तो बदामाचा घोळ घातला. पण दोष एकट्या त्यांचा नाही, गावाच्या पाण्याचा आहे. कोल्हापुरात अडलेल्या कुठल्याही गोष्टीला खुराक हेच औषध. म्हैस आटली, खुराक. पोरगं नापास झालं, खुराक. ग्रामोफोनमध्ये सुईच्या वर एक गोल चपटी डबी असते, आणि त्या डबीत अभ्रकाचा पातळ पडदा. सुई थरथरली की पडदा थरथरतो आणि त्यातून गाणं निघतं. मिस्त्रींनी तालमीतल्या दोस्तांशी मसलत केली. सगळ्यांचं एकमत पडलं की आवाज म्हणजे पैलवान, आणि हा उपाशी आहे. मग त्या डबीला बदामाच्या तेलाचं रोज मालिश सुरू झालं. अभ्रक बिचारं गुदमरलं. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी संतापून डबीत बोट घातलं आणि पडदा फुटला.

त्या दिवशी मिस्त्रींनी आलेल्या माणसाला चहासुद्धा पाजला नाही. नवा पडदा मुंबईशिवाय मिळणार नव्हता.

कारखान्याच्या उंबऱ्याशी सावळा बसला होता. सावळा गडमुडशिंगीच्या अलीकडच्या म्हणा, पलीकडच्या म्हणा, एका गावचा हलगीवाला. गावाचं नाव मी सांगत नाही. तिथले पाहुणे अजून माझ्याकडं कपडे शिवायला टाकतात. सावळ्याच्या हलगीचं लोखंडी कडं मिस्त्री करून द्यायचे, म्हणून त्याचं येणं-जाणं. बारीक अंगाचा, पन्नाशीकडं झुकलेला. दिवसाला दहा शब्द बोलायचा, आणि त्यातले चार परत घ्यायचा. पण त्याचे हात गप्प बसत नसत. गुडघा असो, उंबरा असो, बोटं त्यावर काहीतरी वाजवत असायची.

तो म्हणाला, “कातडं लावा.”

“काय?”

“पडदाच पायजे न्हवं? कातडं लावा. करडाचं. मी आनून देतो.”

आणि त्यानं आणलं. कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ कातडं. त्यानंच ते डबीवर ताणून बसवलं. वर एक अट सांगितली, की गारवा लागला तर हे ढिलं पडणार, मग हलगीसारखं शेकायचं. मिस्त्रींनी चावी दिली, सुई ठेवली. आणि काय सांगू! बाईचा आवाज पार बदलला. ती एकदम सर्दी झालेल्या हवालदारासारखी गाऊ लागली. पण गंगावेशीत लावलं ते रंकाळ्याच्या काठी धुणं धुणाऱ्या बायकांनी ऐकलं. निदान त्यातली एक बहिरी होती, तिनं तरी ऐकलंच.

मिस्त्री पेटले. म्हणाले, आता ह्या आवाजाला तोंड पायजे. ग्रामोफोनचा मूळ कर्णा धोतऱ्याच्या फुलाएवढा. मिस्त्रींनी गुऱ्हाळातली एक जुनी काहील मिळवली, ज्यात मण मण गूळ शिजलेला, आणि तिचा पत्रा ठोकून, वळवून असा कर्णा केला की त्यात माझं शिलाई मशीन मशीनवाल्यासकट बसावं. उन्हात तो तापला की त्याला गुळाचा वास सुटायचा आणि मोटारीमागून माश्यांची वरात चालायची. वारा सुटला की तो शिडासारखा भरायचा, आणि मोटार मिस्त्री नेतील तिकडं न जाता वारा नेईल तिकडं जायची. एकदा कळंब्याला निघालेलो आम्ही पंचगंगेच्या घाटावर पोचलो. मिस्त्री उतरले, पाणी प्याले, म्हणाले, “हितंच यायचं हुतं.”

एका बड्या अंमलदाराची घोडी त्या आवाजानं बुजली आणि साहेबांना घेऊन सरळ भाजी मंडईत शिरली. दुसऱ्या दिवशी शिपाई निरोप घेऊन आला: “साहेबांनी सांगितलंय, कर्णा झाकायचा.”

मिस्त्री म्हणाले, “झाकतो की. हुकूम म्हंजे हुकूम.”

मग माझ्याकडून त्यांनी कर्ण्याला खणाचं टोपडं शिवून घेतलं. झालर लावली, बंद लावले, आणि मधोमध कर्ण्याच्या तोंडाएवढंच भोक ठेवलं. शिपाई पुन्हा आला तेव्हा म्हणाले, “बघ, झाकलाय. आता सायबाला सांग, थंडीचीबी काळजी मिटली.”

तर असा हा माणूस. आणि अशा माणसाकडं सावळ्यानं ते मागितलं.

झालं असं, की मिस्त्री एके दुपारी खुशीत होते. सावळ्याला म्हणाले, “तुझ्या कातड्यानं माझी लाज राखली. काय देऊ बोल. नवं कडं करून देतो.”

“कडं नगं.”

“मग?”

सावळ्याची बोटं उंबऱ्यावर वाजत होती. ती थांबली.

“उन्हाळ्यात पोराचं लगीन हाय,” तो म्हणाला. “वरात चावडीम्होरनं न्यायची हाय. वाजत.”

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. आजच्या पोरांना यात काय एवढं, असं वाटेल. पण त्या गावची रीत अशी होती. गावातल्या प्रत्येक वरातीपुढं सावळा वाजवत जायचा. पाटलाच्या पोरांच्या वराती त्यानं बोटं फुटेस्तोवर वाजवल्या होत्या. पण त्याच्या स्वतःच्या मांगवाड्यातली वरात आली, की हलगी वाडा सोडेपर्यंतच. पुढं चावडी लागायची. तिथं हलगी काखेत मारायची, नवरदेवानं बैलगाडीतून उतरायचं, पायताण हातात घ्यायचं, आणि चावडी ओलांडेपर्यंत मुकाट चालायचं. सावळ्याचा बाप तसा चालला होता, सावळा तसा चालला होता. कुणी हलगीला बोट लावलं, तर त्या घराचं बलुतं, म्हणजे सुगीत खळ्यावर मिळायचं वर्षाचं धान्य, बंद.

महाराजांनी हुकूम काढले नव्हते असं नाही. पण हुकूम कोल्हापुरातून निघतो, वेशीवर पोचतो, चावडीत जरा टेकतो, पान खातो, आणि तिथंच झोपतो.

मिस्त्रींनी क्षणभरसुद्धा विचार केला नाही. ती त्यांची सवयच नव्हती.

“वाजवायला हात लागतोय म्हनून तुमी अडताय. माझी मोटार वाजंल! तिचं कुठं बलुतं हाय गावात? काय तोडनार तिचं?”

“तिचं न्हाय,” सावळा म्हणाला. “माझं तोडतील. ते मला म्हाईत हाय.”

“मग?”

“तोडू द्या.”

मी मिस्त्रींना बाजूला घेतलं. म्हणालो, मिस्त्री, मार पडेल. परगावची चावडी, आपण दोघं शेजारी, त्यातला एक शिंपी. यावर मिस्त्री माझ्याकडं डोळे वटारून म्हणाले, “म्हंजे तू मला हळू बोल म्हनतूयास व्हय?”

आणि मला पुढच्या बैठकीवर बसवून नेलं.

लग्न नवरीच्या गावी लागलं. ऊन कलताना आम्ही वरात घेऊन सावळ्याच्या गावच्या वेशीवर आलो. मागं नवरा-नवरी, त्यांच्यापुढं पाळण्यात ग्रामोफोन, वर टोपडं घातलेला कर्णा. तबकडी सनईची होती. मिस्त्रींनी आवाज वाढावा म्हणून ग्रामोफोनच्या चावीची कमान जरा जास्तच कडक केली होती, त्यामुळं सनईवाला मागं कुत्रं लागल्यासारखा वाजवत होता. मागून वऱ्हाड. आणि सगळ्यांच्या पुढं, मोटारीच्याही पुढं, सावळा.

मी त्या माणसाला कधी रिकाम्या हातानं चालताना पाहिलं नव्हतं. आयुष्यभर वरातीपुढं चालला तो हलगी घेऊन. आज हात मोकळे, आणि ते कुठं ठेवायचे हे त्याला कळेना. मागं बांधले, सोडले. सदऱ्याच्या खिशात घातले, तिथं मावेनात. शेवटी त्यानं ते तसेच लोंबते सोडले आणि ताठ चालू लागला.

चावडीपुढं गाव उभं होतं. पाटील पुढं आले. मला वाटलं होतं, दांडगा मिशाळ गडी असेल. निघाला गोड बोलणारा.

“या मिस्त्री,” पाटील म्हणाले. “तुमी पावनं मानूस. तुमचं-आमचं काय न्हाय. चावडीत बसा, च्या घ्या. फकस्त ते बंद करा आनि पोराला उतरू द्या. चावडी वलांडली की बसू दे परत. कोन अडवतंय?”

“पाटील,” मिस्त्री ओरडले. ते कधीच म्हणत नसत, ओरडतच असत, पण त्या दिवशी कारणानं ओरडले. “च्या मला आवडतोय. पर ही म्हातारी एकदा बंद पडली की चार मानसांनी ढकलल्याबिगर हालत न्हाय. ती चार मानसं तुमचीच लागतील. ढकलनार व्हय ह्येची वरात?”

कुणीतरी हसलं, आणि कुणाच्यातरी कोपरखळीनं गप्प झालं. पाटलांनी वर पाहिलं. पाहिलं एवढंच. आणि चावडीच्या माळवदावरून, म्हणजे मातीच्या सपाट छतावरून, एक अख्खी घागर आमच्यावर रिकामी झाली.

पाणी नवरीवर पडलं, माझ्यावर पडलं, पण नेम होता तो कर्ण्याचा. कर्णा भरला, तिथून पाणी डबीत उतरलं, आणि कातडं भिजलं. सनई खाली खाली गेली. रेड्यासारखी हंबरली, गुरगुरली, मग नुसती सुई खरवडल्याचा आवाज राहिला. गाव हसायला लागलं. असं हसलं की झाडावरची वटवाघळं उठली.

“झालं?” पाटील म्हणाले. “उतर रं पोरा.”

मागं नवरदेव उठायला लागला. कापड सळसळलेलं मला ऐकू आलं. मी शिंपी माणूस, मला तेवढंच ऐकू येतं.

“बस खाली!” मिस्त्री गरजले. ते खाली उडी मारून उतरले, डबी उपसून काढली, मोटारीचं पुढचं झाकण उघडलं. आत म्हातारी उकळत होती. चुलीवर आंधण ठेवावं तशी वाफ येत होती. मिस्त्रींनी डबी त्या वाफेच्या वर, तापल्या लोखंडाशी धरली.

सावळा मागं फिरला. मोटारीजवळ आला. मिस्त्रींच्या हातातून डबी काढून घेतली.

“तुमाला न्हाय जमायचं,” म्हणाला. “करपंल.”

आणि त्यानं वाफ टाळून, कोरड्या लोखंडाची ऊब बघून, डबी धरली. चावडीसमोर. सगळ्या गावाच्या देखत. जन्मभर त्या गावच्या वरातींआधी तो काटक्या पेटवून हलगी शेकत बसला होता, अगदी तसाच. घाई नाही. एक बाजू, मग दुसरी बाजू. नखानं टिचकी मारायची, कानाशी धरायची. भद्. पुन्हा ऊब. टिचकी. भद्. हसणं हळूहळू बसत गेलं. माझ्या अंगावरचं पाणी वाळलं म्हणा ना. गावाला तो आवाज माहीत होता. हलगी कुठवर आलीय हे त्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखायचं. टिचकी. ठप्. आणखी जरा ऊब. टिचकी.

टण्ण.

गर्दीतून एक म्हातारा सवयीनं म्हणून गेला, “आली.” आणि मग त्याला पाटलांकडं बघायचं धाडस झालं नाही.

सावळ्यानं डबी मिस्त्रींच्या हातात दिली, आणि काही न बोलता पुन्हा मोटारीपुढं जाऊन उभा राहिला, पाठ आमच्याकडं, तोंड चावडीकडं. आता रस्त्यात पाटलांची माणसं आडवी उभी होती. काठ्या होत्या. मिस्त्रींनी डबी जागेवर बसवली आणि ते चालवायच्या चक्रामागं बसले. मागं हात घालून चावी दिली, सुई ठेवली, तशी सनई पुन्हा किंचाळली, आणि त्या सनईच्याही वर मिस्त्री ओरडले:

“व्हा बाजूला! हिला बिरीक न्हाय!”

दिवसभरात ते एवढं एकच वाक्य खरं बोलले होते. इनामदारांनी मोटार टाकली होती ती त्याच पायी. माणसांनी मोटारीकडं पाहिलं, मिस्त्रींच्या डोळ्यांकडं पाहिलं, आणि ती काठ्यांसकट भिंतीला लागली. पुढं रस्ता उताराचा, मोटार सुटली. आणि बिनब्रेकच्या त्या धुडापुढं, दोन हातांच्या अंतरावर, सावळा चालत होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. पावलं जलद टाकली नाहीत. वरातीपुढं चालायची जी त्याची चाल, तीच. मिस्त्री दोन्ही पायांनी, दोन्ही हातांनी, दातांनी त्या म्हातारीला मागं ओढत होते, आणि मी जेवढे देव आठवले तेवढे म्हणून मग मिस्त्रींच्या बाजूचे पीर म्हणायला लागलो होतो. चावडी गेली. देऊळ गेलं. पाटलाचा वाडा गेला. नवरदेव बसून होता.

मिस्त्री सांगायचे, त्या आवाजानं चावडीची कौलं उडाली. तसं काही नाही. चावडीला माळवद होतं.

सावळ्याचं बलुतं बंद झालं, ठरल्याप्रमाणं. सुगीची वाट न बघता तो बायकापोरं, सून घेऊन कोल्हापुरात आला. मिस्त्रींच्या कारखान्यामागच्या पडवीत त्याचा संसार मांडला गेला. पुढं त्याची हलगी कुस्तीच्या मैदानावर वाजू लागली. ती वाजली की पैलवानाच्या मांडीवर आपोआप थाप पडायची. गावानं दोनदा निरोप पाठवला, की वराती सुन्या जातात, परत ये. तो गेला नाही.

पाटलांनी तक्रार केली. कचेरीत मिस्त्रींना बोलावलं. तिथल्या अंमलदारानं बराच वेळ समजावलं, आणि शेवटी कर्णा मोटारीवरून उतरवायचा हुकूम दिला. मिस्त्रींनी त्याच दिवशी उतरवला. उतरवून घराच्या छपरावर चढवला, तोंड कचेरीकडं करून.

पुढं मोटार दमली. महाराज गेले, काळ बदलला, रस्त्यावर पुष्कळ मोटारी आल्या. म्हातारीची चाकं काढून मिस्त्रींनी कुणाच्या छकड्याला लावली, पत्रा कोंबड्यांच्या खुराड्याला गेला. मागची बैठक तेवढी राहिली. ती कारखान्याच्या दाराशी ठेवलेली असायची, आणि संध्याकाळी तिच्यावर मिस्त्री आणि सावळा बसायचे. मिस्त्रींचा उजवा कानही तोवर गेला होता. म्हणजे आता त्यांचं बोलणं राधानगरीच्या जंगलातल्या गव्यांनाही स्पष्ट ऐकू जात असणार.

मी मिस्त्रींना शेवटचं नीट पाहिलं ते तिथंच. पुढच्या थंडीत ते गेले. त्या दिवशी सांगलीकडचे कुणी पाहुणे आले होते. त्यांचा चहा पिऊन झाला होता, आणि ते कोण हे अजून विचारायचं होतं. मिस्त्रींनी हकीकत सुरू केली. घागरीचा हौद झाला होता. काठ्यांच्या तलवारी झाल्या होत्या. पाटील तर घोड्यावर होता. सात गावची माणसं जमली होती, झाडांवर जागा नव्हती, आणि सनई अशी वाजली, अशी वाजली, की गाभण म्हशी जागच्या जागी व्याल्या. पाहुणे आ वासून ऐकत होते. मिस्त्रींचा चेहरा लाल झाला होता, हात हवेत होते, आणि मानेच्या शिरा अशा तट्ट फुगल्या होत्या की मी दुकानातून उठून पाणी घेऊन आलो.

त्यांनी पाण्याकडं बघितलंही नाही. शेजारी बसलेल्या सावळ्याच्या मांडीवर थाप मारली.

“खोटं सांगतूय व्हय मी? ह्यो बसलाय न्हवं जिता साक्षीदार! सांग की रं सावळ्या पावन्यास्नी! सांग, तुझ्या पोराच्या वरातीत कसं वाजलं?”

सगळे सावळ्याकडं वळले. त्यानं तंबाखू दाढेखालून गालात घेतली, थोडा विचार केला.

“चाल जरा पळत हुती,” तो म्हणाला.